पाणी, लोणी, वेणी

"पाणी," दीना साळवे म्हणाली.

काचेपलीकडे कानांवर हेडफोन चढवून बसलेल्या रतनबाईंनी लगेच उत्तर दिलं, "पानी."

दीनानं तक्त्यावर फुली मारली.

"बाजार."

"बाजार."

बरोबरची खूण.

"लोणी."

"लोनी."

फुली. फुलीच्या शेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, 'लोनी'.

नगरच्या त्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाची ही खोली सगळ्यात लहान. आत आणखी एक खोका, भिंतींना स्पंज, दार जाडजूड. पेशंट खोक्यात बसायचा, दीना बाहेर माईकसमोर. मध्ये काच. कुणी ओठ बघून उत्तर देऊ नये म्हणून ती कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा तोंडासमोर धरायची. पंचवीस शब्द, एकेकाला चार गुण. पेशंटनं ऐकलेला शब्द माघारी म्हणायचा, एवढंच काम. त्यातही लोक घाबरायचे, घाम पुसायचे, कुणी कुणी नापास होईल म्हणून आधीच माफी मागायचे.

रतनबाई तसल्यांतल्या नव्हत्या. पुणतांब्याहून सकाळच्या गाडीनं आलेल्या, पन्नाशीच्या, पदर खोचून ताठ बसलेल्या. पंचविसावा शब्द झाला तेव्हा त्यांनी स्वतःच हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

दीनानं बेरीज केली. शहात्तर.

एकतीस वर्षं ती या खोलीत होती. मे अखेरीला निवृत्त होणार होती. तिच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असं विभागात म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही. पेशंट घाईत असो, आमदाराचा माणूस असो, हेडफोनमधली शिट्टी ऐकू आली तरच आली, नाही आली तर नाही. चूक ती चूक.

शिट्ट्यांची तपासणी जुनी, शब्दांची मात्र नवी. डॉक्टर अंगद खर्डे चौदा महिन्यांपूर्वी ती यादी घेऊन आले. त्यांचं संशोधन चाललं होतं. कानाचा फाटलेला पडदा शिवताना डोक्याच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावलेलं बरं, की कानाच्याच कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, तुकडा लावलेला बरा, हे त्यांना ठरवायचं होतं. चौऱ्याऐंशी पेशंट, पहिल्यांची ऑपरेशनं आधीच झालेली. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी प्रत्येकाच्या दोन तपासण्या, आधी शिट्ट्या, मग शब्द. दोन्ही कान खराब असतील तर आधी एकच करायचा, आणि त्याला शब्दांत ऐंशी मिळाले तरच दुसरा.

"शब्द जसाच्या तसा आला तरच बरोबर धरायचा, मॅडम," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. आणि जाता जाता दारात थांबून, "लेख छापून आला की त्यात तुमचंही नाव येणार."

दीनानं यादी फाइलीत लावली. पण तिचं नाव आजवर छापलं गेलं होतं ते लग्नपत्रिकेत आणि मतदारयादीत. मतदारयादीत तर 'दिना', तेही ऱ्हस्व.

रतनबाईंचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो पाहिला, रतनबाईंच्या कानात दुर्बिणीनं पाहिलं, आणि खुर्ची पुढं ओढून समजुतीच्या स्वरात सांगितलं, "पडदा मस्त बसलाय, बाई. शिट्ट्या सगळ्या ऐकू येतात. पण शब्द कळत नाहीत. म्हणजे मागची नस कमजोर झालीय. अशा वेळी दुसऱ्या कानाला हात लावून फायदा नसतो. तिकडं ऐकायचं मशीन लावू."

"पर मला डावा करायचाच हाय," रतनबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर आले."

"नस मेली की आम्ही तरी काय करणार."

रतनबाईंनी मान हलवली. मोठ्या माणसापुढं हलवतात तशी.

दीनाला वाटलं होतं, विषय संपला. पण पुढच्या पेशंटला बोलवायला ती बाहेर आली, तर रतनबाई बाकावरून उठून समोर उभ्या.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा."

"ह्या गळितात कारखान्याच्या रस्त्याला मी चालले हुते. मागनं उसाची ट्रॉली आली. आवाज आला मला, न्हाई असं न्हाई. पर एकाच कानात आला, उजव्या. मला वाटलं उजवीकडनं येती. म्हनून डावीकडं सरले. ट्रॉली डावीकडनंच येत हुती." त्यांनी डावा खांदा दाखवला. "डायवरनं कचकन बिरेक दाबला म्हनून वाचले. दोनी कान असल्याबिगर आवाज कुठनं येतो त्ये कळत न्हाई, म्याडम. डाक्टरांना सांगा की तुमी."

"तुम्हाला शब्द कळत नाहीत, म्हणून नाही करत ते."

"समदं कळालं की मला. तुमी म्हनला तसं मी म्हनले."

"सहा चुकले तुमचे."

"कंचे?"

पेशंटला कागद दाखवायचा नसतो. इतक्या वर्षांत दीनानं कधी दाखवला नव्हता. पण तिच्या फुलीवर असा तोंडावर संशयही कुणी घेतला नव्हता. तिला जरा झोंबलंच. तिनं फाइल उघडली आणि सवयीनं तोंडासमोर धरली.

"पाणी."

"पानी," रतनबाई म्हणाल्या.

"पाणी."

"व्हय, पानी." रतनबाईंनी तिच्याकडं काळजीनं पाहिलं आणि अंगठा ओठांकडं नेला. "पितात त्ये."

"लोणी."

"लोनी. ताक घुसळल्यावर येतं त्ये."

"वेणी."

"येनी." त्यांनी पाठीवरची बारकी वेणी पुढं घेऊन दाखवली.

"गोणी."

"गोनी. कांदं भरायची."

"दाणे."

"दाने. भुईमुगाचे."

"कणीस."

"कनीस," रतनबाई म्हणाल्या. "आता ह्ये बी समजून सांगू का तुमाला?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. दीनानं फाइल खाली घेतली. या बाईनं चार हातांवरून, फाइलीच्या आडून आलेला एकूण एक शब्द ऐकला होता, त्याचा अर्थ सांगितला होता, वेणी तर काढून दाखवली होती. तिला नीट म्हणता आला नव्हता तो फक्त ण. आणि ऐकू न येणं वेगळं, म्हणता न येणं वेगळं, एवढी गोष्ट कान तपासणाऱ्या बाईला चौदा महिने कळली नव्हती.

"तुमची गाडी किती वाजता?" तिनं विचारलं.

"दुपारची हाय."

"जाऊ नका अजून. बसा इथंच."

तिनं लोखंडी कपाट उघडलं आणि सगळ्या फाइली टेबलावर घेतल्या. सावेडी, भिंगार, कॉलेजातले प्राध्यापक, बँकेतल्या बाई: शहाण्णव, शंभर, शंभर. पुणतांबा, पाथर्डी, जामखेड, अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्या: शहात्तर, शहात्तर, बहात्तर, शहात्तर. यादीत ण असलेले शब्द सहा. सहा चोक चोवीस. शंभरातून चोवीस गेले. हिशेब पहिलीतल्या पोराचा होता.

डॉक्टरांनाही हे शहात्तर दिसलं होतं, नाही असं नाही. त्यांनी त्यातून एक शोध लावला होता. कान वर्षानुवर्षं वाहत ठेवल्यामुळं गावाकडच्या माणसांची नस लवकर मरते, असा. पुण्याच्या परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि टाळ्याही पडल्या. परत आल्यावर त्यांनी सगळ्या विभागाला पेढे दिले होते. दीनानं दोन खाल्ले होते.

दुसरा कान नाकारलेली माणसं तिनं वेगळी काढली. अकरा. रतनबाई अकराव्या.

फुल्यांशेजारी पेन्सिलीची अक्षरं तशीच होती. पानी. लोनी. दाने. ही सवय शाळेतल्या थॉमस सरांची. चूक नुसती खोडायची नाही, काय चुकलं ते शेजारी लिहायचं. नेवाशाकडच्या वस्तीवरून दीना नगरच्या मिशन बोर्डिंगात आली ती नऊ वर्षांची असताना. पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेला उठून वाचायला सांगितलं, आणि तिनं 'प्राण' हा शब्द 'प्रान' वाचला. सगळा वर्ग हसला. थॉमस सर हसले नाहीत. त्यांनी तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. "जीभ वर, दीना. उलटी वळव, टाळूला लाव. हां, आता म्हण. पाणी." महिनाभरात ण आला. सहा महिन्यांत ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी शास्त्रपाठ वाचायला लागली, आणि अजूनही वाचते. तिचं वाचन ऐकून पाहुणे पाळकसुद्धा विचारायचे, या बाई पुण्याच्या का.

सुट्टीत ती घरी गेली तेव्हा आई, आक्काबाई, खुरपणीवरून आली आणि म्हणाली, "दीने, पानी दे गं."

"पानी नाही, आई. पाणी."

आई हसली. लेकीचं कौतुक वाटलं तिला. दुसऱ्यांदा तिनं म्हणून बघितलं, जमलं नाही. तिसऱ्यांदा बघितलं नाही. नंतर नंतर दीनासमोर ती तो शब्दच काढीना. तहान लागली की तांब्या पुढं करायची. आठ वर्षांपूर्वी याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर ती शेवटची पडून होती तेव्हाही दीना आली की बाटलीकडं बोट दाखवायची. सिस्टरनं कागदावर लिहिलं, 'बोलत नाहीत.' शेजारच्या खाटेवरची म्हातारी मात्र म्हणाली होती, तुझी आई तर दिवसभर बोलती की माझ्याशी.

दीनानं तेव्हा ते कानामागं टाकलं होतं. आता फाइलींच्या ढिगासमोर बसून ते आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटून काही अकरा कान बरे होणार नव्हते. ती उठली.

डॉक्टर खर्डे डबा उघडायच्या बेतात होते.

"सर, रतनबाईंची नस चांगली आहे. तपासणी चुकलीय. माझी."

"तुमची?" ते हसले. "मॅडम, घड्याळ चुकेल."

तिनं फाइल उघडून ठेवली आणि सांगितलं. एकदम थोडक्यात. पानी म्हणाल्या, मी फुली मारली. सगळ्यांनाच मारली. त्यांनी ऐकून घेतलं, पण ते पटवून घ्यायला तयार दिसेनात. "फक्त उच्चारानं चोवीस गुण जातात होय? तसं असतं तर..."

फोन वाजला. डॉक्टरांच्या आईचा, पाथर्डीहून. ते तोंड जरा वळवून बोलू लागले.

"व्हय आई. न्हाई, जेवलो न्हाई अजून. बसतोच हाय. तुमाला आलं का आज पानी..."

तिथंच ते थांबले. पलीकडून आई हॅलो हॅलो करत राहिली. "मागनं करतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि फाइलीकडं पाहत राहिले. डब्याचं झाकण त्यांच्या हातातच होतं.

"पुण्यात मी भाषण दिलंय, मॅडम," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"संशोधनाच्या समितीला कळवावं लागेल. आपण असं लिहू, शब्दांची यादी इथल्या बोलीला धरून नव्हती."

"यादीत पाणी लिहिलंय. त्यात काय चूक? फुली मी मारली."

"जसाच्या तसा धरा असं मीच म्हणालो होतो."

"तुम्ही एकदा म्हणालात. मी चौदा महिने मारत होते." आणि मग, जणू रजेचा अर्ज देतेय अशा आवाजात, "माझं नाव लेखातून काढा. जिची तपासणी चुकली तिचं नाव त्यात शोभत नाही."

डॉक्टरांनी नको म्हटलं नाही. त्यांचं त्यांनाच खूप निस्तरायचं होतं. पण ते बाहेर आले, रतनबाईंच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "बाई, आमची चूक झाली. तीन आठवड्यांनी परत या." रतनबाईंनी दीनाकडं पाहिलं. चूक कुणाची झाली असेल याचा त्यांना अंदाज असावा. त्या पिशवी उचलून स्टेशनाकडं निघाल्या.

समितीनं दोन बैठका घेतल्या. पेन्सिलीची अक्षरं होती म्हणून संशोधन वाचलं, नाहीतर चौदा महिने पाण्यात गेले असते. सगळे कागद पुन्हा तपासायचे ठरले, मात्र दीनानं नाही. नव्यानं लागलेली मोनिका तपासणार होती. ती दीनाच्या हाताखाली शिकलेली. तिनं एकेका फुलीवर लाल गोल करून शेजारी चार लिहिलं आणि त्या चार दिवसांत दीनाला नजर दिली नाही. लेखाच्या मसुद्यात, इंग्रजीत, एक वाक्य गेलं: तपासणाऱ्या व्यक्तीनं स्थानिक उच्चार चुकीचे धरले होते, ते नंतर दुरुस्त करण्यात आले. नाव नव्हतं. पण ते वाक्य दीनाचंच होतं, आणि तिनं ते दोनदा वाचून घेतलं.

बाकीच्या दहा जणांना फोन करायचं काम मात्र तिनं मागून घेतलं. ऐकू न येणाऱ्या माणसांना फोन करणं हे काम जगावेगळंच. सुना उचलायच्या, नातवंडं उचलायची.

"अहिल्यानगरहून बोलतेय. दवाखान्यातून."

"कुठनं?"

"नगरहून."

"हां, नगर. बोला की."

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत भागूबाई म्हणून एक पेशंट होती. तिचा मुलगा सुनील फोनवर आला. दीनानं सांगितलं, आईची नस चांगली आहे, दुसरा कान होऊ शकतो, घेऊन या.

"मशीन ट्रंकंत घालून ठेवलंय तिनं," सुनील म्हणाला. "नस मेलीय म्हनून सांगितलं ना तुमी, तवापासून ती ऐकायचा नादच सोडून बसली. कुनी काय बी बोललं तरी नुस्ती हसती. आता चल म्हनलं तरी न्हाई यायची."

"तरी आणा. मी सांगते त्यांना."

"काय सांगनार?"

"चुकलं म्हणून सांगते," ती म्हणाली.

"बघतो," सुनील म्हणाला.

रतनबाई धरून अकरापैकी आठ आले. भागूबाई आल्या नाहीत. दीनानं आणखी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा रेंज नव्हती.

तीन आठवड्यांनी रतनबाई आल्या, पिशवीत पेरू घेऊन. डॉक्टरांना चार, मोनिकाला दोन, दीनाला दोन. तपासणीचा आवाज पहिल्या वेळेसारखाच हवा, म्हणून शब्द दीनानंच वाचायचे होते. गुण मोनिका देणार होती. दीना माईकसमोर बसली. एका हातात पुठ्ठा धरला. दुसऱ्या हातात एरवी पेन्सिल असायची, तो तिनं मांडीवर ठेवला.

"पाणी."

"पानी."

शेजारी मोनिकाचं पेन हललं. दीनानं तिकडं पाहिलं नाही.

"बाजार."

"बाजार."

"लोणी."

"लोनी."

पंचवीस शब्द झाले. शंभर. डॉक्टरांनी जूनची तारीख लिहून दिली. तोवर पेरूच्या छाटणीचंही उरकेल, असं रतनबाई म्हणाल्या. जाताना त्या दीनाजवळ थांबल्या.

"ह्या टायमाला किती चुकले?"

"एकही नाही."

"मी तर मागं बी ह्येच म्हनले हुते."

"हो," दीना म्हणाली. "हेच म्हणाला होतात."

"मग जूनमधी भेटू."

"जूनला मी नसेन. या मोनिकामॅडम असतील."

रतनबाईंना वाईट वाटलेलं दिसलं. पण गाडीची वेळ झाली होती. दीनाच्या हातावर हात ठेवून त्या गेल्या.

मोनिका कागद घेऊन डॉक्टरांकडं गेली. दीना हेडफोन पुसायला खोक्यात शिरली आणि मागं जाड दार आपोआप बंद झालं. आत बाहेरचं काही ऐकू येत नाही. कॉरिडॉर नाही, रस्ता नाही. ती पेशंटच्या खुर्चीत बसली. एकतीस वर्षांत ती या खुर्चीत कधी बसली नव्हती.

"पानी," ती म्हणाली.

शब्द बरोबर आला, न सकट. पण तो टीव्हीतल्या हिंदीतला वाटला. तिनं जरा सैल सोडून, शेवटचा स्वर आईसारखा ओढून पुन्हा म्हटलं. पुन्हा हिंदीच. तिसऱ्यांदा तिनं नुसतं तोंड उघडलं आणि आई कशी म्हणायची ते आठवायला लागली. तांब्या आठवला, तो पुढं करणारा हात आठवला, मनगटावरची हिरवी काकणं आठवली. आवाज काही आठवला नाही.

तिनं हेडफोन पुसून खुंटीला अडकवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.